डावपेच मंडळाचा तांडेल

विद्यापीठातल्या आमच्या मंडळाला दहा वर्षं झाली म्हणून गेल्या महिन्यात गुळगुळीत कागदाची एक स्मरणिका घरी आली. पहिल्याच पानावर संस्थापक म्हणून जयंतचा फोटो. टाय लावलेला, हसरा. मागे जुन्या सभासदांच्या यादीत कुठेतरी तळाला 'भा. तांडेल' एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती स्मरणिका अंघोळीच्या बंबात घातली. गुळगुळीत कागद धड जळतही नाही. नुसता धूर झाला आणि शेजारच्या काकू विचारायला आल्या.

मी त्या मंडळाची पहिली चिटणीस. मंडळ कोणी काढलं ते मला विचारा.

मंडळ भास्कर तांडेलने काढलं. तेव्हा तो गणितात एम. ए. करत होता आणि मी त्याच्या दोन वर्षं मागे होते. दोन-चार माणसं आपापलं हित बघत एकमेकांशी व्यवहार करतात, तेव्हा कोण कधी काय करील, याचं एक नवं गणित परदेशात निघालं होतं. त्याला 'खेळांचा सिद्धांत' म्हणत. आमच्याकडे ते शिकवायला कोणी नव्हतं. मग आपणच शिकू, म्हणून तांडेलने सूचनाफलकावर कागद लावला: 'खेळ-सिद्धांत अभ्यास मंडळ, दर शनिवारी दुपारी तीन वाजता.' पहिल्या शनिवारी अकरा जण आले. त्यांतले चार जण कॅरमचे स्ट्रायकर खिशात घालून आले होते आणि शिपायाने टेबलावर पत्त्यांचा जोड आणून ठेवला होता. तांडेल असा काही कडाडला, की कॅरमवाले पायऱ्या उतरेपर्यंत थांबले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्याने नाव बदलून 'डावपेच मंडळ' केलं, तर गिरगावातल्या तालमीतला एक पैलवान चौकशीला आला. नावाचा नाद त्याने तिथे सोडला.

राग हा तांडेलचा स्थायीभाव होता. उंच, काळा, बोटीवर वाढलेले खांदे, आणि शर्टाच्या खिशात कायम खडू, त्यामुळे खिसा पांढरा. डहाणूच्या मच्छीमार वस्तीतला तो पहिला पदवीधर. वर्गात तो कधी बसत नसे. कोणी म्हणालं, "समजा, दोन शहाणी माणसं आहेत...", की हा तिथेच अडवायचा.

"कोण माणसं? नावं सांगा. राहतात कुठे? आणि त्यांतलं उपाशी कोण आहे?"

"अहो, हे नुसतं उदाहरण आहे."

"उदाहरणातली माणसं जेवत नाहीत वाटतं? वाट बघण्याच्या डावात जेवलेला माणूस जिंकतो. हे ज्या गणितात नाही, ते पुसा फळ्यावरून." मग माझ्याकडे वळून, "चिटणीस, लिहिलंत?"

मी लिहायची. मला तो कधी नावाने हाक मारत नसे. 'चिटणीस' म्हणायचा, आणि मला ते आवडायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही. मीही डहाणूची. माझे वडील स्टेशनच्या मालधक्क्यावर क्लार्क होते. हिवाळ्यात तिथे मुंबईच्या तबेल्यांसाठी गवताच्या गासड्यांच्या वाघिणी भरत. लहानपणापासून मी ते गवत पाहिलं होतं. ते कापतं कोण आणि काय दराने, हे मात्र मला तांडेलने विचारेपर्यंत ठाऊक नव्हतं. मला ठाऊक नाही म्हटल्यावर तो माझ्यावर दोन दिवस चिडून होता.

जयंत दुसऱ्या वर्षी आला. मंडळातला सगळ्यात हुशार मुलगा तो, यात वाद नाही. गोरा, मऊ बोलणारा, प्रश्न नेमका विचारणारा. त्याचे मामा तलासरीकडे गवताचे ठेकेदार आहेत, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याने काही लपवलं नाही. त्यामुळेच मला जास्त संताप येतो. सगळं आमच्या समोर होतं.

एका रविवारी तांडेल आम्हा सात-आठ जणांना डहाणूला घेऊन गेला. त्याची आई, हिरामावशी, किनाऱ्यावर मासळी विकत बसली होती. तांडेल म्हणाला, "आता हिच्याशी भाव करून दाखवा. पुस्तकातलं सगळं वापरा." जयंत पुढे झाला आणि एका पापलेटाला हात लावला. हिरामावशीने भाव सांगितलाच नाही. तिने प्रेमाने विचारलं, "दमलास रं पोरा? गाडी कितीची हाय तुमची?"

"सव्वाचारची," जयंत म्हणाला.

तिने मान हलवली, भाव सांगितला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत बसली. जयंतने घासाघीस केली, पाठ फिरवली, परत आला. ती आपली दुसऱ्याच बाईला तिच्या सुनेचं विचारतेय. चार वाजले. जयंतने दुप्पट पैसे मोजले आणि मासळी घेऊन धावत सुटला. तांडेल वाळूत बसून हसला. तो इतका हसलेला मी पुन्हा पाहिला नाही. "आपली घाई समोरच्याला सांगितलीस की डाव संपला," तो म्हणाला. जयंतही हसला. पण हसतानाही त्याचे कान उघडे असत, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

हिरामावशी पावसाळ्याच्या अखेरीस सुके बोंबील टोपलीत घालून तलासरीच्या बाजूच्या पाड्यांवर जायची आणि बदल्यात भात, नागली घेऊन यायची. त्यामुळे वेवजीजवळच्या पाड्यावरचा जिव्या हा तांडेलच्या घराच्या जुन्या ओळखीतला माणूस होता. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी तांडेल आईबरोबर तिकडे गेला आणि परत आला तो उड्या मारत. त्या शनिवारची सभा मंडळाच्या आयुष्यातली सर्वांत सुंदर सभा होती.

त्याने फळ्यावर पाच वर्तुळं काढली. "हे पाच पाडे," तो म्हणाला. "दसऱ्यानंतर गवत तयार होतं. ठेकेदाराला ते वाळून पडायच्या आत कापून हवं असतं. एकेका पाड्याला तो वेगळा गाठतो आणि दर पाडतो. म्हणून पाचही पाडे एकाच दिवशी माळावर येतात आणि एका तोंडाने दर सांगतात. तोपर्यंत कोणी विळा उचलायचा नाही. आता सांगा, एकमेकांना न दिसणारे पाच पाडे, घड्याळ नाही, कॅलेंडर नाही, लिहिता येत नाही. एकच दिवस ठरवायचा कसा?"

मग त्याने खिशातून एक दोरी काढली. वाखाची, चार-चार बोटांवर गाठी मारलेली. जिव्या अशा पाच दोऱ्या करायचा, प्रत्येकीला तितक्याच गाठी. प्रत्येक पाड्याला एक. बाजाराच्या दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी एक गाठ सोडायची. गाठ उरली नाही, की त्या दिवशी माळावर.

सभेत टाळ्या पडल्या. तांडेलचा चेहरा फुलला होता. आपल्या माणसांची अक्कल मुंबईच्या फळ्यावर चढली होती. आणि त्या भरात, सिद्धांताचा माणूस असल्यामुळे, त्याने पुढची पायरीही फळ्यावर मांडली: ही रचना कुठे तुटेल? प्रत्येक पाड्याला फक्त आपली दोरी दिसते. एका दोरीला एक गाठ जास्त पडली, तर तो पाडा एक दिवस उशिरा येईल. आलेल्या चौघांना एवढंच दिसेल, की पाचवा आला नाही.

जयंतने विचारलं, "दोऱ्या पोचवतं कोण?"

"बायका. लांबच्या पाड्याची तेवढी बाजारच्या दिवशी तलासरीतल्या एका दुकानाच्या ओट्यावर ठेवतात. तिथून ते नेतात," तांडेल म्हणाला. माझ्याकडे वळला. "चिटणीस, लिहिलंत?"

मी सगळं लिहिलं. शब्दन् शब्द. माझं अक्षर चांगलं होतं.

पुढचं मला दिवाळीच्या सुट्टीत हिरामावशीच्या घरी कळलं. ठरल्या दिवशी चार पाडे माळावर आले. लांबचा, पाचवा पाडा आला नाही. ठेकेदार मात्र उजाडताच हजर. "तुमचे ते भाऊबंद कालपासून माझ्याकडे कापायला लागले," तो म्हणाला. "तुम्ही बसा निवांत." दुपारपर्यंत लोकांनी दम धरला. मग एक उठला, मग दुसरा, आणि संध्याकाळी चारही पाडे जुन्याच दराने कापायला लागले. दुसऱ्या दिवशी पाचवा पाडा माळावर आला, बायकापोरांसकट, आणि बघतो तर माळ रिकामा आणि सगळे वाकून गवत कापताहेत. त्यांच्या लेखी फितूर झाले ते हे चौघे. चौघांच्या लेखी फितूर पाचवा. ऐन रस्त्यात मारामारी झाली. जिव्याची मुलगी रुपी पाचव्या पाड्यावर दिली होती. सासऱ्याने तिचं माहेर तोडलं.

"त्यांची दोरी बघायला मिळेल?" तांडेलने आईला विचारलं. त्याचा आवाज इतका शांत मी कधी ऐकला नव्हता.

ती आईने आणलीच होती. रुपीने गुपचूप तिच्याकडे दिली होती. गाठी सुटल्या तरी वाखात त्यांचे वळ राहतात. तांडेल मच्छीमाराचा मुलगा, जाळी विणत वाढलेला. त्याने दोरी मांडीवर ताणून धरली आणि बोटांनी वळ मोजले. सगळे चार-चार बोटांवर होते. शेवटचा एकच, अगदी टोकाला, घाईत कोंबलेला. जिव्याने तशी गाठ मारणं शक्य नव्हतं.

त्याने दोरी घडी करून खिशात ठेवली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. हिरामावशी म्हणाली, "कोनी केला हा?" तांडेल म्हणाला, "मी."

सुट्टी संपल्यावरच्या पहिल्या शनिवारी अध्यक्ष म्हणून आमचे प्राध्यापकही आले होते. एरवी ते चहापुरते येत. तांडेलने मला उभं केलं. "चिटणीस, त्या सभेचं इतिवृत्त वाचा. मोठ्याने."

मी वाचू लागले. दर वाक्याला तो मला थांबवायचा. "हे कोणी सांगितलं?"

"तुम्ही."

"पुढे."

"'एका दोरीला एक गाठ जास्त पडल्यास...'"

"हे कोणी सांगितलं?"

"तुम्ही," मी म्हणाले आणि मला रडू आलं. "रडू नका. वाचा," तो ओरडला. मी शेवटपर्यंत वाचलं. मग त्याने ती दोरी जयंतच्या पुढ्यात टाकली.

जयंतने नाकारलं नाही. तो थोडा गोरामोरा झाला, इतकंच. "मी मामांना गंमत म्हणून सांगितलं होतं," तो म्हणाला. "ते खरंच करतील असं वाटलं नव्हतं. पण तांडेल, तुमचा सिद्धांत बरोबर निघाला, हे तरी मान्य करा."

आणि आमचे प्राध्यापक! या गृहस्थांना मी मेल्यावरही माफ करणार नाही. ते खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "ही तर प्रत्यक्ष पडताळणी झाली. लिहून काढा, जयंत. चांगला निबंध होईल."

तो निबंध झाला. बक्षीसही मिळालं. त्यात पाड्यांना अ, ब, क, ड, इ अशी नावं आहेत. रुपीला अक्षरसुद्धा नाही.

तांडेलने जयंतवर हात उचलला नाही. आम्हाला वाटलं होतं उचलेल. त्याने फळा स्वच्छ पुसला, खडू खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि बाहेर पडला. एम. ए. राहिलं. सहा महिन्यांनी तो डहाणू तालुक्यातल्या कासाच्या शाळेत मास्तर म्हणून लागला.

त्याआधी, त्याच आठवड्यात, तो वेवजीला गेला. हिरामावशी आणि मी बरोबर होतो. इतिवृत्त मी लिहिलं होतं, मला घरी बसवेना. जिव्या अंगणात बसून विळ्याची मूठ बसवत होता. तांडेल उभ्यानेच बोलला. फळा, सभा, जयंत, दुकानाचा ओटा, सगळं. स्वतःला वाचवणारा एक शब्द त्यात नव्हता.

जिव्याने मान वर केली नाही. "तुला आमी घरचा समजून दोरी दाखवली. दाखवली का नाय?"

"दाखवलीत, काका."

"मंग तू ती बाजारात कशाला मांडली?"

"मला वाटलं, लोकांना तुमची हुशारी कळावी."

"आमची हुशारी लोकांना कळून आमाला काय करायचा होता?" जिव्या ओरडला. विळा त्याने जमिनीत रोवला. "चल. हा त्यांना सांग. मी सांगितला तर खोटा पडेल. तू तुझ्या तोंडानं सांग."

पाचव्या पाड्यावर माणसं जमली. त्यांनी आम्हाला पाणी विचारलं नाही. तांडेलने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, दोरीवरचा तो शेवटचा वळ सगळ्यांना बोट लावून दाखवला. रुपी कुडाआडून बघत होती. तिचा सासरा, देवजी, बराच वेळ दोरी हातात फिरवत राहिला.

"तुजी गोष्ट खरी हाय," तो शेवटी म्हणाला. "गाठ ठेकेदारानं मारली. पन ते दिशी हे चार पाडे माळावर होते. आमी नाय आलो. आमची यांनी किती वाट पाह्यली? दुपारपावत! आमची पोर यांच्या घरात, यांची आमच्या घरात, आन् ठेकेदारानं एक शब्द सांगितला तं तो खरा. एक माणूस धाडून इचारलासुद्दा नाय. हा पन त्या गाठीनंच केला काय?"

जिव्या आमच्या मागेच उभा होता. मला माझ्या वहीतली सगळी गणितं आठवली आणि त्यांतल्या एकातही देवजीच्या प्रश्नाला जागा नव्हती.

"पुढच्या साली आमी येऊ," देवजी म्हणाला. "कोनच्या दिशी येऊ ता सांगनार नाय. तुमी माळावर बसा. आमी येयतवर बसलात तं सोयरे. नाय तं तुमी तुमचे, आमी आमचे. रुपी पन इथंच."

परत येताना जिव्याने तांडेलला एकच वाक्य ऐकवलं. "तू त्या माळावर पाय ठेवायचा नाय."

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. वडील म्हणाले, धक्क्यावर वाघिणी रिकाम्या उभ्या आहेत, गवत येत नाहीये. मी बस पकडून गेले. चार पाडे माळावर बसले होते. तो तिसरा दिवस. पोरं पेंगत होती, म्हाताऱ्या माणसांचे ओठ सुकले होते. हिरामावशी टोपलीतले बोंबील वाटत फिरत होती आणि घेणाऱ्या प्रत्येकाला शिव्या देत होती, "गप घे. इकत नाय मी." तांडेल रस्त्याच्या अलीकडे होता, जिव्याने आखून दिलेल्या हद्दीबाहेर, एका दगडावर. तीन दिवस तो तिथेच होता. दाढी वाढली होती. मी जवळ गेले तर म्हणाला, "कशाला आलात? बघायला?" मी त्या दगडापासून चार हातांवर बसले.

अकराच्या सुमाराला ठेकेदाराची जीप आली. तो उतरला आणि गेल्या वर्षीचंच वाक्य म्हणाला. त्याला नवं वाक्य शोधायचीही गरज वाटली नाही. "तुमचे ते भाऊबंद कालपासून माझ्याकडे कापताहेत. तुम्ही उपाशी मरा."

माळावर चुळबुळ झाली. एक तरणा गडी विळा घेऊन उठला. त्याची बायको त्याच्याकडे बघत होती, मांडीवर मूल होतं. शेजारी तांडेलचा श्वास मला ऐकू येत होता. त्याच्या मुठी वळल्या होत्या, एक पाय रस्त्यावर पडला होता. पण त्याने तो मागे घेतला.

"बस," जिव्या म्हणाला. एवढंच. ना मागे बघितलं, ना आवाज चढवला.

तो गडी क्षणभर उभा राहिला. मग त्याने विळा बायकोच्या पायाशी टाकला आणि बसला. दुसरं कोणी उठलं नाही. ठेकेदार जीपमध्ये बसून राहिला, मग जीप निघून गेली.

दोनच्या पुढे उतारावर माणसं दिसली. पाचवा पाडा येत होता, सगळा, घाई न करता. पुढे देवजी. ते माळावर आले आणि चौघांपासून थोडं अंतर राखून थांबले. देवजीने जिव्याला विचारलं, "कवापून बसलात?"

"परवा सकालपून."

देवजीने माळावरून नजर फिरवली. पोरांवरून, रिकाम्या मडक्यांवरून, पायाशी पडलेल्या विळ्यावरून. मग तो जिव्याच्या शेजारी जाऊन बसला आणि त्याच्या मागून सगळा पाडा बसला. रुपी आपल्या आईकडे गेली. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही. आईने नुसतं तिच्या डोक्यावरून पदर सारखा केला आणि सरकून जागा दिली. दराची बोलणी संध्याकाळी झाली, आणि या वेळी ठेकेदाराला वर चढावं लागलं.

तांडेल त्यासाठी थांबला नाही. पाचवा पाडा खाली बसलेला दिसला, तसा तो दगडावरून उठला, पिशवी खांद्याला लावली आणि कासाच्या रस्त्याला लागला. माळावरून त्याला कोणी हाक मारली नाही. कोणाचं लक्षही नव्हतं. जिव्याने मात्र एकदा मान वळवून तो दगड रिकामा झालेला पाहिला आणि पुन्हा देवजीशी बोलू लागला.

मी धावत त्याच्या मागे गेले. "तांडेल, अहो थांबा! ते आले. तिथे जाऊन उभे तरी राहा."

तो गर्रकन वळला. डोळे लाल, चेहरा धुळीने माखलेला, आणि राग तसाच, पहिल्या शनिवारी कॅरमवाल्यांवर कडाडला होता त्याहून मोठा. त्याने आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या पर्समधून डोकावणाऱ्या वहीकडे.

"उद्या शाळा उघडायचीय," तो म्हणाला. "आणि चिटणीस, यातलं एक अक्षर लिहायचं नाही."